नाणं टांकसाळीत चुकलं की नंतर बिघडलं? वडिलांच्या संग्रहाची छाननी करताना

वडिलांच्या पश्चात त्यांच्या नाण्यांचा डबा आम्हा तिघा भावंडांकडे आला. त्यातली खरोखर टांकसाळीत चुकलेली नाणी कोणती आणि बाहेर आल्यावर कुणी ठोकून, कापून किंवा घासून बिघडवलेली कोणती, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. मार्च २०२३ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते एकदाचं संपलं. अशाच डब्यासमोर बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांची काही धावपळ वाचावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

अप्पा एसटीत वाहक होते, १९७९ पासून २००९ मध्ये निवृत्त होईपर्यंत. वाहकाला ड्यूटीवर निघताना खिशातली खासगी रक्कम नोंदवावी लागते. वेगळं दिसणारं नाणं हाती आलं की अप्पा ते स्वतःकडे घेत आणि तेवढ्याच किमतीचं आपलं नाणं बॅगेत टाकत, म्हणजे हिशोब जागच्या जागी राही. प्रत्येक नाण्याची कागदाची पुडी बांधलेली आणि तिच्यावर तारीख आणि मार्ग: सिन्नर–पुणे, नाशिक–धुळे. पुढे या पुड्या फार कामाला आल्या. नाणं चलनातून आलंय, कुणा विक्रेत्याकडून नाही, एवढं तरी त्यावरून पक्कं होत होतं.

छाननीची वेळ आली ती दादाने इंटरनेटवर पाहिलेल्या जाहिरातींमुळे. 'हे एक रुपयाचं नाणं असेल तर लाखो मिळवा' अशा थाटाच्या. त्याने एका ठिकाणी फोटो टाकले आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. समोरचा माणूस नऊ लाख देतो म्हणाला, त्याआधी २,१०० रुपये 'नोंदणी शुल्क' भरा म्हणाला, आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवलं. वहिनीने ते पत्र वाचून पैसे भरू दिले नाहीत, हे फार बरं झालं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुनी नाणी-नोटांच्या खरेदीविक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तुमच्या घरात असा फोन आला तर तिथेच थांबा. त्या दिवशी आम्ही ठरवलं की आधी आपल्याकडे काय आहे ते कळू दे, किमतीचं नंतर बघू.

मी सुरुवातीला फोटो जुळवत बसले. त्यातून काही हाती लागलं नाही, कारण फोटोत खरी चूक आणि खोटी चूक सारखीच दिसते. वाट सापडली ती नाणं तयार कसं होतं हे नीट वाचल्यावर. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या पाडतात. त्या तापवून मऊ करतात, धुतात, मग कड दाबून किंचित वर उचलतात. शेवटी चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्यात, बसते आणि वरच्या-खालच्या दोन डायच्या, म्हणजे चित्र कोरलेल्या ठशांच्या, एका दाबात दोन्ही बाजू एकदम उमटतात. कॉलरमुळे धातू बाहेर पसरत नाही. इतकंच. पण यातून मला एक प्रश्न मिळाला, तो पुढे प्रत्येक नाण्याला विचारला: या यंत्रात, या क्रमात, नेमक्या कुठल्या टप्प्यावर हे असं होऊ शकतं? टप्पा सांगता आला तर नाणं पुढच्या तपासणीला. नाही सांगता आला, तर ते नंतरचं नुकसान. संग्राहक त्याला 'पीएमडी' म्हणतात.

साहित्य फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा ६५० रुपयांना मिळाला, दहा पट दाखवणारं भिंग साडेतीनशेला, व्हर्नियर कॅलिपर चारशेच्या आसपास. लोहचुंबक घरातल्या जुन्या स्पीकरमधून काढलं. काटा घेतलात तर आधी चार-पाच चकचकीत चालू नाणी त्यावर ठेवून बघा, म्हणजे काटा किती खरं बोलतो ते कळेल. वजनांचा तक्ता मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवला. १९७५ ते १९८२ चा रुपया ८ ग्रॅमचा, २८ मिलिमीटर. १९८३ पासूनचा ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. २०११ पासूनचा ३.७९ ग्रॅम, २२ मिलिमीटर. जाड पाच रुपये, १९९२ पासूनचे, ९ ग्रॅम. हा तक्ता नसता तर कितीतरी 'लहान आकाराचे रुपये' मी चूक म्हणूनच बाजूला काढले असते. प्रत्यक्षात सरकारने नाणीच वेळोवेळी लहान केली आहेत.

पहिली चाळणी चुंबकाची. कॉपर-निकेलचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया चिकटतो. एका पुडीत तांबूस रंगाचा १९९५ चा रुपया होता. चुंबकाला चटकन चिकटला, वजन जवळपास बरोबर, आणि भिंगाखाली कडेजवळ तांबूस थर उडून खालचा पांढरा धातू दिसत होता. म्हणजे कुणीतरी मुलामा चढवलेला. असे पिवळे-तांबडे रुपये जाहिरातींत 'वेगळ्या धातूवर छापलेले' म्हणून दाखवतात. दुसऱ्या धातूच्या चकतीवर छापलं गेलेलं नाणं असतं, नाही असं नाही. पण त्याचं वजन, जाडी आणि चुंबकाशी वागणं हे तिन्ही त्या दुसऱ्या धातूशी जुळावं लागतं. नुसता रंग काहीच सांगत नाही.

दुसरी चाळणी सगळ्यात सोपी, आणि तीच सगळ्यात जास्त नाणी वेगळी करते. नाण्यावरची जादा रेघ उंचावलेली आहे की खोल गेलेली? डायला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठून दिसते. ओरखडा नेहमी खोल असतो, आणि त्याच्या काठाला ढकललेल्या धातूची बारीक वरंबी असते. नख फिरवलं तरी बऱ्याचदा कळतं. नाही कळलं तर दिवा एका बाजूने तिरपा धरून भिंगातून बघा. उठाव असेल तर सावली दिव्याच्या पलीकडच्या बाजूला पडते. अप्पांच्या 'रेघवाल्या' नाण्यांपैकी बहुतेक ओरखडेच निघाले. पण १९९९ च्या एका जाड पाच रुपयावर कडेपासून सिंहाच्या आयाळीपर्यंत गेलेली अखंड, उंच रेघ निघाली आणि मला खरोखर आनंद झाला.

गायब अक्षरांचंही असंच. नाणं झिजलं की आधी उंच भाग जातात आणि सोबत कडही झिजते. डायमध्ये ग्रीस किंवा कचरा अडकला असेल तर एखादाच आकडा पुसट येतो आणि त्याला लागून असलेलं बाकीचं काम धारदार राहतं. सालातला एक आकडा नाही, पण शेजारचा आकडा कोरा करकरीत आहे, असं दिसलं तर ते टांकसाळीतलं. आकड्याच्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट आणि घासल्याच्या समांतर रेषा दिसल्या तर कानस फिरलेली आहे.

आता तुटक्या नाण्यांबद्दल, कारण यात लोक सर्वात जास्त फसतात. पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरीला चंद्रकोरीसारखा चावा पडतो. पट्टीतून चकत्या पाडताना हेच होतं, आणि अशी चावा पडलेली चकती छापली जाते. अप्पांकडे १९८५ च्या आसपासच्या रुपयाच्या अशा दोन पुड्या होत्या. दोन्हींवर गोल चावा, दिसायला जुळी भावंडं. फरक चाव्यात नव्हता, त्याच्या बरोब्बर समोरच्या कडेत होता. कड उचलताना चावा पडलेल्या बाजूला दाब नीट बसत नाही, त्यामुळे समोरची कडही कमजोर राहते. पहिल्या नाण्यावर समोरची कड अगदी फिकी होती, चाव्याजवळची अक्षरं त्या दिशेला किंचित ओढल्यासारखी पसरलेली, आणि चाव्याची धार बाकीच्या कडेसारखीच गुळगुळीत. वजन ५.४ ग्रॅम. दुसऱ्यावर समोरची कड ठसठशीत, अक्षर मध्येच कापलेलं, धारेवर कानशीच्या खुणा. त्याचंही वजन साडेपाचच्या आत. तेव्हा फक्त वजनावर जाऊ नका, धातू कमी झालाय एवढंच ते सांगतं. कधी कमी झाला, ते धातू कसा सरकला यावरून कळतं. एक सावधगिरी: समोरच्या कडेची ही खूण प्रत्येक खऱ्या नाण्यावर सारखी ठळक नसते. ती ठळक दिसली तर मोठा आधार, नाही दिसली तर इतर खुणा बघत राहायचं.

डब्यातला सर्वात मोलाचा प्रकार म्हणजे लाखी. छापून झालेलं नाणं कधी डायलाच चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं उठावाचं चित्र येतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोल. म्हणजे दोन्हीकडे सिंहच, एकीकडे वर आलेला, दुसरीकडे आत गेलेला. अप्पांनी तीन पुड्यांवर स्वतःच्या अक्षरात 'लाखी' लिहिलं होतं. त्यांच्या मते डब्यातलं हेच खरं धन.

तिन्ही भिंगाखाली घेतली तेव्हा हात थरथरत होता, कारण इथे वडिलांच्या खात्रीची तपासणी होती. एक नाणं स्टीलचं पन्नास पैशांचं. उलट्या, खोल सिंहाच्या खाली दुसरं काहीच नाही, पृष्ठभाग स्वच्छ, समोरची बाजू पूर्ण उठावाची. खरं. दुसरं नाणं रुपयाचं. त्यावरही उलटा, खोल सिंह होता, पण त्याच्या आसपास '१' च्या आकड्याचे चपटे अवशेष दिसत होते. तिसऱ्यावरही तसंच, वर कडेला शिकंज्याच्या दातांच्या खुणा. दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळली की असा ठसा मिळतो. पण त्यात नाण्याचं मूळ काम पूर्ण पुसलं जात नाही आणि ज्या बाजूला शिकंजा लागतो ती चपटी होते. खऱ्या लाखीत त्या बाजूला मूळ काम कधी छापलंच गेलेलं नसतं, त्यामुळे अवशेष राहण्याचा प्रश्न येत नाही. तिसऱ्या पुडीवर 'नाशिक–धुळे, ७-१-९८' असं होतं. कुणीतरी केलेला उद्योग एका प्रवाशाच्या खिशातून अप्पांच्या हाती आला होता.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते. कागदासारखी पातळ झालेली अ‍ॅल्युमिनियमची वीस पैशांची नाणी ही रसायनात बुडवलेली होती: काम सगळीकडे सारखंच मऊ झालेलं आणि व्यासही कमी भरत होता. मुळात पातळ चकतीवर छापलेल्या नाण्याचा व्यास पूर्ण असतो. रुंद पसरलेलं, सिंह लांबट झालेलं नाणं रुळावर ठेवलेलं. दुहेरी आकडे दिसले तर दुसरा आकडा गोलाईदार आहे की पायरीसारखा सपाट, ते बघा. सपाट पायरी म्हणजे छापताना डाय किंचित हलला. ती टांकसाळीतच होते, पण संग्राहक तिला किंमत देत नाहीत. डाय फिरलेला आहे का हे बघायला सिंहाची बाजू सरळ धरा आणि नाणं पुस्तकाच्या पानासारखं उजवीकडून डावीकडे उलटा. आपल्या नाण्यांची दुसरी बाजू सरळच यायला हवी. थोडासा कल पुष्कळ नाण्यांत असतो, त्याला कुणी विचारत नाही. आडवी किंवा उलटी आली तर ठेवा.

दहा रुपयांच्या दुरंगी नाण्यांनी मला बराच वेळ घेतला, पण त्यांची खूण सुंदर आहे. बाहेरचं कडं आणि आतली चकती छापण्याच्या एकाच दाबात एकमेकांत बसतात. म्हणून आतली चकती सरकलेली असली तरी चित्र जोडाच्या रेषेवरून न तुटता पुढे जातं. अप्पांनी निवृत्तीनंतर दुकानातून घेतलेल्या एका नाण्यात आतली चकती पालथी होती, आणि चित्र जोडावर साफ तुटत होतं. चकती ठोकून बाहेर काढून उलटी बसवलेली.

एक गोष्ट चूक म्हणून कधीच मोजू नका: टांकसाळीची खूण. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' अक्षर असतं, कारण ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीतून पाडून आणले होते. खूण नाही म्हणून नाणं दुर्मिळ, असं सांगणाऱ्याला कोलकात्याचं नाव सांगा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेले. आधी फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय बघितलं, न बिघडलेली नाणी मुळात कशी दिसतात याची नजर तिथे बसते. मग जवळच्याच एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे. सोबत वही होती, प्रत्येक नाण्यापुढे माझं मत आणि कारण लिहिलेलं. हे कराच, असं मी आग्रहाने सांगेन. नुसतं 'हे काय आहे?' विचारलं असतं तर काकांनी पाच मिनिटांत वाटेला लावलं असतं. कारणं वाचल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

"ताई, हे तुम्ही एकट्यांनी केलंत?" त्यांनी विचारलं. मग शिकंज्यातलं नाणं उचलून म्हणाले, "अशी नाणी रोज येतात. घेऊन येणाऱ्याला सांगवत नाही." त्यांनी माझी दोन मतं बदलली. मी नुकसान म्हणून बाजूला काढलेला एक दहा पैशांचा तुकडा त्यांनी परत घ्यायला लावला: त्यावरचा पोपडा चकतीच्या धातूतच दोष असल्याने सुटलेला होता, आणि पोपड्याखालचा भाग खडबडीत, पण नैसर्गिक होता. तपासण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. किमतीही सांगितल्या: चाव्याच्या खऱ्या रुपयाला काही शे, लाखीला हजाराच्या घरात. दादाला फोन केला तेव्हा तो क्षणभर गप्प होता. नऊ लाखांचा आकडा त्याच्या मनातून इतक्यात गेला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या नाणेप्रदर्शनात वही पुन्हा उघडली. दुसऱ्या जाणकाराचं मत घेणं गरजेचं होतं, विशेषतः जो विकत घेणार नाही अशाचं. तिथे परदेशी कंपनीकडून नाणं तपासून सीलबंद डबीत घेण्याचीही चौकशी केली. एजंटमार्फत, एका नाण्याला काही हजार, थांबायचं काही महिने. आमच्या नाण्यांच्या किमतीपेक्षा तो खर्च जास्त होत होता, म्हणून नको म्हटलं. तुमच्याकडे शंभर वर्षांहून जुनी नाणी असतील तर ती परदेशी पाठवायचा विचारही करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने त्यांच्या निर्यातीला बंदी आहे. आणि 'एरर' तयार करायच्या नादाने घरी कुणी नाणी वितळवू किंवा मोडू पाहत असेल, तर २०११ च्या नाणे कायद्याखाली तो गुन्हा आहे, हेही सांगून ठेवा.

या सगळ्या काळात नाणी धुण्याचा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला. चिंच, मीठ, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट. काहीही लावू नका. पृष्ठभागावरची मूळ झाक हाच मोठा पुरावा असतो, कापलेल्या धारेचा आणि बाकीच्या नाण्याचा रंग एकच आहे की नाही हे त्यावरूनच समजतं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतही ठेवू नका, कॉपर-निकेलवर हिरवट चिकटा धरतो. मी पुठ्ठ्याच्या चौकटी घेतल्या, शंभर नगांना साडेतीनशे रुपये. अप्पांची पुडी प्रत्येक चौकटीच्या मागे घडी करून ठेवली.

जानेवारीत तिघं एकत्र बसलो. वहीच्या तीन प्रती काढल्या, सह्या केल्या. खरी ठरलेली नाणी विकायची नाहीत, असं धाकटीने सुचवलं आणि दादानेही मान्य केलं. ती आळीपाळीने तिघांकडे राहतील. दोन खोट्या लाखी, कापलेला रुपया, पालथ्या चकतीचे दहा रुपये आणि मुलाम्याचा रुपया ही नाणी मी शिकवण्यासाठी माझ्याकडे मागून घेतली. भाचा आला की खरं आणि खोटं त्याच्यासमोर शेजारी ठेवते आणि समोरची कड बघायला सांगते. आता तो मला न विचारता ओळखतो.

चार-पाच नाण्यांवर दोन्ही जाणकारांचं एकमत झालं नाही. त्यांतला १९८९ चा रुपया मला अजून खरा वाटतो: चावा सरळ रेषेतला आहे, पट्टीच्या टोकाशी चकती पाडताना येतो तसा, पण समोरची कड पुरेशी फिकी नाही. त्यांच्या चौकटींवर 'अनिर्णित' लिहिलंय आणि पुढच्या प्रदर्शनाला ती सोबत नेणार आहे.